भाकड म्हणण्यापूर्वी

कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवसाच्या यज्ञाची कथा आहे. सर्वस्वदानाच्या त्या यज्ञात ज्या गायी दक्षिणा म्हणून पुढे आणल्या गेल्या, त्यांचे पाणी पिऊन झाले होते, चारा खाऊन झाला होता, दूध काढून झाले होते आणि वासरू देण्याची शक्तीही उरली नव्हती. ते पाहून बाल नचिकेताच्या मनात शंका उपजली. ही कथा खोट्या दानाचा दाखला म्हणून सांगतात, व ते योग्यच आहे. परंतु ज्याने स्वतः गाय बाळगली आहे त्याला तेथे आणखी एक प्रश्न दिसतो. निरिंद्रिय ठरलेल्या त्या गायींपैकी वार्धक्याने तशा झालेल्या किती, आणि धन्याच्या हयगयीने किती?

आपण गायीकडून दरवर्षी एका वेताची अपेक्षा करतो. ही अपेक्षा किती कठोर आहे, हे हिशेब मांडल्यावाचून कळत नाही. गाय गर्भ वाहते सुमारे २८० दिवस. म्हणजे ३६५ दिवसांच्या वर्षात तिला पुन्हा गाभण राहण्यास उरतात अवघे ८५ दिवस. त्यांपैकी पहिले ४० दिवस गर्भाशय पूर्वस्थितीला येण्यातच जातात. राहिलेल्या दीड महिन्यात, २१ दिवसांच्या अंतराने येणारा माज फार तर दोन वेळा येणार. आणि तो टिकतो काही तासच. देशी गायींत तर तो आणखी थोडा वेळ असतो, व पुष्कळदा रात्री येऊन पहाटेपर्यंत ओसरतो. त्या वेळी धनी निजलेला असतो. दुसऱ्या दिवशी तोच म्हणतो की गाय माजावर येत नाही!

आणि हे दिवस कोणते? व्याल्यापासून महिना-दीड महिन्याने दूध चढणीच्या टोकाला पोहोचते. भूक मात्र पूर्ववत होण्यास त्यानंतरही काही आठवडे लागतात. मधल्या काळात गाय स्वतःच्या अंगची चरबी वितळवून आपल्या चरव्या भरते. बरगड्या दिसू लागतात, पाठ खाली बसते, आणि अशा कृश देहात बीजकोश निद्रिस्त राहतात, किंवा माज आला तरी तो मुका असतो. निसर्गाने येथे काही अन्याय केला असे मला वाटत नाही. जिला स्वतःलाच पुरत नाही तिने दुसरा जीव पोटात धरू नये, एवढेच तो सांगतो. आपणच ते ऐकत नाही.

प्रसूतीच्या वेळच्या चुका निराळ्याच. वार बारा तासांत पडली नाही की ती हाताने ओढण्याची अथवा तिला दगड बांधण्याची घाई अजूनही ठिकठिकाणी होते. वार तुटून आत राहते, गर्भाशय नासते, आणि पुढे तीच गाय वांझ म्हणून बाजार दाखवली जाते.

हे मी अधिकाराने लिहीत नाही, अपराधाने लिहितो. १९९४ साली बेळगावजवळच्या आमच्या गावी एक संकरित गाय होती. दुसऱ्या वेताला तिने घर दुधाने भरून टाकले. आम्ही पेंड मात्र तेवढीच ठेवली. उलट दूध विकून आलेल्या पैशांतून ओसरीला फरशी घातली. तीन वेळा रेतन करवले, तिन्ही वेळा ती पुन्हा माजावर आली. दिवाळीच्या आधी आम्ही तिला विकली. त्या वर्षीच्या वसुबारसेला आईने पाटावर चांदीची गाय-वासरे मांडून पूजा केली, कारण गोठा रिकामा होता. पूजा यथासांग झाली. मी नमस्कारही केला.

कोणी म्हणेल, गरीब शेतकऱ्याने दूध न देणारे जनावर किती दिवस पोसावे? हा आक्षेप खरा आहे, आणि ज्याच्या घरी मुलांच्या तोंडी दूध पडत नाही त्याला उपदेश करण्याचा अधिकार आपणां शहरवासीयांना नाही. पण म्हणूनच प्रश्न आपल्याकडे वळतो. देवाच्या अभिषेकाला आणि नैवेद्याच्या खिरीला दूध लागते. ते कोणत्या गोठ्यातून आले, त्या गायीला व्याल्यानंतर खुराक आणि क्षार मिळाले काय, विण्याआधी दोन महिने तिला आटवून विश्रांती दिली काय, हे विचारण्याचा प्रघात आपल्यात नाही. आपण भाव विचारतो. पिंजरापोळाला वर्गणी देतो तीही सर्व बिघडल्यावर. ती द्यावीच, पण ती दया झाली, आणि गायीचे देणे त्याच्या फार आधी थकलेले असते.

आमची गाय ज्याने नेली तो दोन कोसांवरचा एक वृद्ध शेतकरी होता. त्याने काही विशेष केले नाही. पशुवैद्यास दाखवून गर्भाशयाचा दाह धुवून घेतला, ओली वैरण आणि मूठभर क्षारमिश्रण सुरू केले, दूध थोडे कमी झाले तरी चालवून घेतले, आणि रात्री उठून कंदील घेऊन गोठ्यात फेरी घालू लागला. एका पहाटे शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ सोट दिसला. संध्याकाळी रेतन झाले. दोन महिन्यांनी पशुवैद्याने हात घालून गाभण असल्याची खात्री दिली. हे त्याने मला बाजारात सहज सांगितले. गाय परत मागण्याचे तोंड मला नव्हते. तिच्या खुराकात काय काय घालतोस, एवढेच विचारले. त्याने सांगितले, आणि ते मी घरी येऊन भिंतीवरच्या पंचांगाच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवले.