आजीची वारी

आमच्या आजीचे माहेर शिरूर तालुक्यात, सासर दौंड तालुक्यात यवतला. दोहोंमध्ये भीमा. तेच पाणी पुढे पंढरीत चंद्रभागा होते. आजीला मात्र पंढरी कधी घडली नाही.

ज्येष्ठ वद्यात तुकोबारायांची पालखी यवतला मुक्कामास येते. गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालते. त्या दिवशी आजी पहाटेपासून चुलीपुढे. सुना म्हणत, "आत्याबाई, पालखी आली, दर्शनाला चला." ती म्हणे, "तुम्ही व्हा पुढं. माळकरी उपाशी निजला तर मी दर्शन कुणाचं घेऊ?"

एकदा एक टाळकरी सहज बोलला, "आजी, जन्मात एक तरी वारी करा हो." ती गप्प राहिली. रात्री मात्र पदर डोळ्यांस लावून बसली होती.

तुकोबा भंडाऱ्यावर नामात रंगलेले, आणि जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढते आहे! कीर्तनात तिला कजाग म्हणून आम्ही हशा पिकवतो. मीही पिकवला आहे. पण तिच्या पायातला काटा काढायला विठोबा वाटेवर आला, ही कथा आपणच सांगतो ना?

आजी गेली त्या वर्षी पालखी आली. तिच्या जागी आई बसली होती. मी दर्शनाला निघालो, उंबऱ्यातून माघारी फिरलो आणि भाकरीची टोपली उचलली.