मोडलेल्या हाडाला भार हवा

कांद्याच्या हंगामात सायखेड्याच्या रस्त्यावर भरलेले ट्रॅक्टर आणि त्यांच्या कडेने निघणाऱ्या दुचाकी एकमेकांना खेटूनच चालतात. अपघात झाला की पहिली मोडते ती नडगी. तिच्यावर पुढून कातडीखाली मांस जवळजवळ नाहीच, म्हणून हाड पुष्कळदा कातडी फाडून बाहेर येतं. मोठ्या उघड्या जखमेत आत धातूची पट्टी बसवली तर पू होण्याची भीती. मग डॉक्टर बाहेरून रिंगा लावतात. सायबेरियातल्या कुर्गान इथल्या डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत उभी केली. रिंगेवर ताणून बसवलेली, हाडातून आरपार जाणारी तार जेमतेम १.८ मिलिमीटर जाडीची असते.

रिंगा आणि तारांची ही चौकट किती घट्ट हवी, हे आता संगणकावर तपासता येतं. सीटी स्कॅनवरून हाडाची आकृती बनवतात, तिचे लाखभर बारीक तुकडे पाडतात, प्रत्येकाला हाडाचा किंवा पोलादाचा कडकपणा देतात आणि वरून माणसाचं वजन ठेवतात. तार हाडात शिरते तिथेच ताण एकवटलेला दिसतो. तारा सैल होतात त्याही तिथेच. रिंग लहान घेतली, तार जास्त ताणली, की चौकट घट्ट होते.

पण फार घट्टही चालत नाही, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. गुडशिप आणि केनराइट या संशोधकांनी १९८५ साली मेंढ्यांच्या मोडलेल्या नडगीला रोज थोडा वेळ, जेमतेम एक मिलिमीटर हालचाल दिली. ती हाडं अजिबात न हलवलेल्या हाडांपेक्षा चांगली जुळली. हालचाल फार झाली तर मात्र हाड जुळतच नाही.

संगणक वजन ठेवतो, कारण त्याला ठेवायला सांगितलेलं असतं. घरात मात्र आई म्हणते, "पाय टेकवू नकोस रे, हाड हलेल." त्या मायेपोटी माणूस महिनोन्‌महिने खाटेवर राहतो आणि हाडाला हवा तो भार, आणि त्यातून होणारी थोडी हालचाल, मिळतच नाही.

तुमच्या घरी कुणाला रिंग लावली असेल, तर भार कधी आणि किती द्यायचा हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यांनी 'चाला' म्हटलं की कुबड्या द्या, हाताला धरा, पण चालवा. तारांच्या तोंडाशी हळद, राख काही लावू नका. सांगितलं असेल तसंच स्वच्छ करा. पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.