मधलं घर कुणाचं?

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याच्या पश्चिम टोकाला मॅकेन्झी नावाची काउंटी आहे. गहू आणि गुरं यांवर जगणारा विरळ वस्तीचा मुलूख. २०१०च्या जनगणनेत इथे ६,३६० माणसं होती, २०२०च्या जनगणनेत १४,७०४. मधल्या काळात इथल्या जमिनीखालच्या बाकेन नावाच्या खडकातलं तेल आडव्या विहिरी खणून आणि दाबाच्या पाण्यानं खडक फोडून बाहेर काढलं जात होतं. या काउंटीच्या मध्यक कौटुंबिक उत्पन्नाचा आलेख चढताना पाहिला, की आपण सहज म्हणतो, इथल्या माणसांचं बरं चाललंय. माझा आक्षेप ‘इथल्या माणसांचं’ याला आहे.

समजा, गावात पाच घरं आहेत. वर्षाची मिळकत २०, ३०, ४०, ५० आणि ६० हजार डॉलर. मधलं घर चाळीसचं, म्हणून मध्यक ४० हजार. तेलाच्या कामावर प्रत्येकी ९० हजार कमावणारी दोन कुटुंबं राहायला आली. सात घरांतलं मधलं घर आता पन्नासचं झालं. जुन्या पाचांपैकी कुणाची मिळकत एका डॉलरनंही वाढलेली नाही. पुढे वीस हजारवाल्याला भाडं झेपेना, तो गाव सोडून गेला. उरलेल्या सहा घरांचा मध्यक ५५ हजार. सगळ्यांत गरीब माणूस निघून गेला आणि गाव कागदावर आणखी सधन झालं.

सरासरीपेक्षा मध्यक प्रामाणिक, असं आपण शिकतो, आणि ते खरंच आहे. एखाद्या तेलसम्राटाच्या कोट्यवधींनी मध्यक हलत नाही. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न छापलं जातं, ती सरासरीच. तिच्यावरून मधल्या घराची चूल कळत नाही. पण रांगेत कोण उभं आहे हेच दर वर्षी बदलत असेल, तर मध्यकही फसवतो.

आता मुळात हा आकडा येतो कुठून? अमेरिकेचा जनगणना ब्युरो ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ घेतो, पण एका वर्षाच्या नेहमीच्या तक्त्यांसाठी निदान ६५,००० वस्ती लागते. लहान काउंटीत नमुन्यात येणारी घरंच मोजकी, म्हणून सलग पाच वर्षांची उत्तरं एकत्र केली जातात. तेलाचा भाव २०१४च्या मध्याला पिंपामागे शंभर डॉलरच्या वर होता, २०१६च्या आरंभी तो तिसाच्या खाली गेला. २०१२ ते २०१६च्या एकाच आकड्यात ही तेजी आणि ही मंदी दोन्ही विरघळून जातात. शिवाय लागोपाठच्या दोन आकड्यांत चार वर्षं सामाईक असतात. त्यांची तुलना करून ‘यंदा वाढ झाली’ म्हणणं चूक आहे.

वर्षागणिक अंदाज देण्यासाठी ब्युरोचा वेगळा उपक्रम आहे. त्यात प्राप्तिकर विवरणपत्रांसारख्या सरकारी नोंदींवरून संख्याशास्त्रीय प्रतिमान बांधतात आणि सर्वेक्षणाचा आकडा त्याच्याशी जोडतात. सर्वेक्षण जितकं कच्चं, तितका भार प्रतिमानावर. म्हणजे लहान काउंटीचा अंदाज बराचसा देशभरातल्या इतर काउंट्यांच्या अनुभवावर उभा राहतो. मला ही पद्धत मनापासून आदराची वाटते, कारण ती आपली अनिश्चितता लपवत नाही: अंदाजाशेजारी ९० टक्के विश्वासाचा पट्टाही छापलेला असतो. तो पट्टा पुसून नुसती रेघ दाखवणारे दोषी आहेत.

आणि रेघेबाहेर राहणारेही पुष्कळ. कामगारांच्या छावणीत सामूहिक निवासात राहणारा माणूस ‘कुटुंब’ या हिशेबात येतच नाही. त्या भागात जमीन एकाची आणि तिच्या पोटातल्या तेलाचा हक्क दुसऱ्याचा, असंही असतं. हक्कदार परराज्यात राहत असेल तर स्वामित्वधन तिकडे जातं. विहिरीची धूळ खाणाऱ्या शेतकऱ्याच्या मिळकतीत त्यातला छदामही दिसत नाही.

हा वाद पुस्तकी नाही. करसवलत घेऊन बांधलेल्या परवडणाऱ्या घरांच्या भाड्याची कमाल मर्यादा त्या परिसराच्या मध्यक उत्पन्नाला बांधलेली असते. नवे पगारदार आले की मध्यक चढतो, मर्यादा चढते, आणि पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धेकडे कायदेशीरपणे अधिक भाडं मागता येतं. तिची मिळकत होती तिथेच असते.

माणसांचा माग ठेवणं अशक्य नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी ॲटलस’ प्रसिद्ध केला. १९७८ ते १९८३ या काळात जन्मलेल्या सुमारे दोन कोटी मुलांची माहिती कराच्या आणि जनगणनेच्या नोंदी जोडून त्यांनी तपासली. मूल कुठल्या वस्तीत वाढलं आणि मोठेपणी किती कमावू लागलं, हे त्यातून दिसतं. मग ते पुढे कुठेही राहायला गेलेलं असो. मॅकेन्झीसारख्या काउंटीच्या आलेखाशेजारी असाच दुसरा आलेख हवा: २०१०ला जे इथे राहत होते, त्यांचं, ते आज जिथे असतील तिथलं, उत्पन्न. या काउंटीतल्या वॉटफर्ड सिटी गावातलं वाढतं भाडं न झेपून जो गेला, तोही त्या आलेखात मोजला गेला पाहिजे.