तीर्थात उतरणारे पाऊल

वाशीमच्या पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसलो की मला वासुकी राजाची आख्यायिका आठवते, आणि तिच्यामागोमाग एक प्रश्नही उभा राहतो, जो लहानपणी आजीला विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. कुष्ठाने जर्जर झालेला हा राजा येथील जलात स्नान करून व्याधिमुक्त झाला आणि कृतज्ञतेपोटी त्याने ते तळे विस्तृत बांधून काढले, असे सांगतात. येथून काही कोसांवर असलेल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या कथेतही ईल राजा असाच कुष्ठी आहे आणि तोही जलस्पर्शानेच बरा होतो. एकाच जिल्ह्यात दोन रोगी राजे आणि दोन रोगहारक जलाशय! ज्या मुलखात उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीचा तळ घागरीने खरवडावा लागतो, त्याने पाण्याला देवत्व द्यावे यात मला आश्चर्य वाटत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. राजाच्या अंगावरून उतरलेला तो रोग गेला कोठे? आणि राजामागून त्याच पाण्यात जो उतरला, त्याच्या वाट्याला काय आले?

हा प्रश्न नास्तिकाचा आहे असे कोणी समजू नये, कारण भागवतात तो खुद्द गंगेने विचारलेला आहे. पृथ्वीवर येण्याची विनंती करणाऱ्या भगीरथाला ती म्हणते की, लोक माझ्यात आपली पापे धुतील, पण ती पापे मी कोठे धुवावी? भगीरथ तिला उत्तर देतो की, ज्यांच्या हृदयात हरी वसतो असे साधू तुझ्यात स्नान करतील आणि ते तुझे पाप हरण करतील. या संवादाचा पूर्वार्ध आपण विसरलो आणि उत्तरार्धाचा केवळ दिलासा तेवढा उराशी धरला, असे मला पुष्कळदा वाटते. धुतलेला मळ नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी माथी जातो, हे गंगेला ठाऊक होते.

इंग्रजांना मात्र हे फार उशिरा आणि फार मोठ्या प्राणहानीनंतर उमगले. १८५३ सालच्या मे महिन्यात निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, पटकी पुन्हा येणार या धास्तीने, एडिंबरोच्या धर्मसभेने गृहमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांच्याकडे राष्ट्रीय उपवासाचा व प्रार्थनेचा दिवस नेमला जाईल काय, अशी पृच्छा केली. पामर्स्टन यांनी कळविलेल्या उत्तराचा आशय असा होता की, ईश्वराने सृष्टीला जे नियम घालून दिले आहेत त्यांचे पालन करणे हे प्रथम कर्तव्य होय. गरिबांच्या वस्त्या आधी स्वच्छ करा, नाहीतर निष्क्रिय राष्ट्राच्या उपवासांना व प्रार्थनांना न जुमानता रोग येईलच. काही धर्मनिष्ठांना हे उत्तर उद्धट वाटले. मला ते अत्यंत धार्मिक वाटते.

पुढच्याच वर्षी जॉन स्नो या वैद्याने लंडनच्या दक्षिण भागात जे दाखवून दिले, ते तर गंगेच्या प्रश्नाचेच गणित होय. एकाच रस्त्यावर, कित्येकदा शेजारशेजारच्या घरांत, दोन निरनिराळ्या कंपन्यांचे नळ होते. लॅंबेथ कंपनीने आपले पाणी घेण्याचे ठिकाण १८५२ साली थेम्स नदीच्या वरच्या अंगाला हलविले होते. साऊथवर्क अँड व्हॉक्सॉल कंपनी मात्र शहराचा मैला जेथे मिसळे, त्या बॅटर्सीपाशीच पाणी उपसत होती. पहिलीचे पाणी पिणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३७ माणसे पटकीने मेली, दुसरीच्या घरांत ३१५.

वरचे अंग आणि खालचे अंग हे शब्द आपल्याकडच्या कोणत्याही खेडुताला समजावून द्यावे लागत नाहीत. पैनगंगेच्या काठच्या गावांतून काय, अन्यत्र काय, नदीवर वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याखाली धुणी, त्याखाली गुरे, आणि ज्यांना गावाने अस्पृश्य ठरविले त्यांचा पाणवठा सर्वांच्या खाली, असाच बंदोबस्त असे. ज्याला आपण विटाळ म्हटले, त्याच्या घागरीत आपण पिढ्यान्‌पिढ्या आपलाच मळ पाठवीत होतो. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी शेणगोमूत्राच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. म्हणजे माणसाची ओंजळ त्यांना अशुद्ध वाटली आणि शेण शुद्ध वाटले! मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल त्या तहानलेल्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडावे लागले. पटकी आली की तिची देवी मरीआई हिचा गाडा गावोगाव काढीत, त्यातही आपला मळ दुसऱ्याकडे ढकलण्याची हीच वृत्ती होती. तो शिवेपलीकडे ढकलला की आपले गाव सुटले. पुढच्या गावाने त्याचे काय करावे ते त्याने पाहावे.

आपल्या वऱ्हाडाला भगीरथाच्या उत्तरातला साधू लाभला, तो डोक्यावर गाडगे आणि हातात खराटा घेऊन आला. शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत, आणि हा क्रम त्यांनी सहसा उलटा होऊ दिला नाही. गंगेचे पाप साधूने हरण करायचे ते कसे, याचा इतका शब्दशः अर्थ कोणा टीकाकाराने लावल्याचे माझ्या वाचनात नाही.

पण या साऱ्या चिंतनाचे मूळ माझ्या मनात एका लहानशा दृश्यात आहे. माझ्या आजोळी पायऱ्यांची एक बारव होती, आणि शेजारच्या एका वृद्धाच्या घोट्यावर नारू निघाला होता. फोड फुटून पांढऱ्या सुतासारखा किडा बाहेर आलेला, आणि तो तुटू नये म्हणून रोज बोटभर ओढून काडीवर गुंडाळलेला. या रोगाची आग अशी भयंकर की रोग्याला गार पाण्यात पाय बुडवावासा वाटतो. आणि पाय बुडताच नारूची मादी त्या पाण्यात सहस्रावधी अळ्या सोडते. त्या अळ्या पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवांच्या पोटात जातात, ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात तो जीव जातो, आणि सुमारे वर्षाने त्याच्याही पायावर फोड येतो. एकाचा घटकाभराचा आराम ही दुसऱ्याची पुढल्या वर्षीची यातना! तीर्थाची रचना, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यात शिरणे, हीच या रोगाची वाट होती.

त्याच गल्लीत एक जैन कुटुंब राहत असे. त्यांच्या घरची आई घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके बांधून पाणी गाळी, आणि मग ते फडके उलटे करून गाळलेल्या पाण्यानेच खळबळून, त्यातले जीव पोहऱ्याने अगदी पाण्याच्या पातळीपर्यंत सावकाश उतरवून परत सोडी. तिला नारूची भीती नव्हती. तिला त्या जीवांची दया होती. तरीही त्या फडक्याने, नारू वाहून नेणारा तो सूक्ष्म जीव तिच्या मुलांच्या पोटात जाऊ दिला नाही.

नारूवर लस नाही, औषध नाही. सरकारी मोहिमेने पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या, पाणी गाळायला लावले, रोग्यांच्या पायाला पट्टी बांधून पाण्यात न उतरण्याची ताकीद दिली. १९९६ साली राजस्थानात देशातला शेवटचा रोगी आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. आमच्या शेजारचे ते आजोबा मात्र मोहिमेच्या आधीचे. कोणा शहाण्याने त्यांना समजावले असावे, कारण ते बारवेच्या वरच्याच पायरीवर बसत, खालच्या हिरव्या पाण्याकडे एकटक पाहत. आणि त्यांचा नातू कळशी भरून, बारवेपासून दूर बाभळीखाली त्यांना हात धरून नेऊन, तेथे त्यांच्या पायावर पाणी ओतीत असे.