रबिंगचा हिशेब

नवी गाडी रस्त्यावर जेवढी खराब होत नाही, तेवढी दारात पुसताना होते.

खापा हे नागपूर जिल्ह्यातलं विणकरांचं गाव, कन्हानच्या काठावर. नदीची रेती, जवळच गुमगावची मँगनीजची खाण. उन्हाळ्यात बॉनेटवर धुळीला तोटा नाही. रेतीतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर 7, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेवर रेघ ओढतो, तो रंगाची काय गय करणार?

सकाळी कोरडं फडकं फिरतं. जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. विणकरांच्या गावात कापडाला नावं ठेवू नयेत, आणि ठेवायचं कारणही नाही. ओरखडा कापड काढत नाही, कापडात अडकलेला कण काढतो.

सावलीत गाडी निर्दोष. उन्हात काढली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेषांचं जाळं. खरं तर त्या रेषा गोल नसतातच. हात उभा गेला, आडवा गेला, तिरपा गेला. त्यातल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्या चमकतात आणि डोळा त्यांची वर्तुळं जुळवतो. दोन पावलं सरका, जाळंही सरकतं.

पांढऱ्या गाडीवरही तेवढेच ओरखडे असतात. मालकाची झोप मात्र शाबूत राहते.

काळ्या गाडीचा मालक रबिंगला, म्हणजे मशीनने गाडी घासून घ्यायला जातो. मशीन ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा थर उतरवते. रस्त्यातला खड्डा बुजवायचा सोडून सगळा रस्ताच खड्ड्याएवढा खाली न्यावा, तसा हा कारभार.

हा थर म्हणजे क्लिअर कोट, रंगावरचं पारदर्शक आवरण. साधारण 40 ते 50 मायक्रॉन; डोक्यावरचा केस 70 च्या आसपास असतो. हलक्या पॉलिशला एखादा मायक्रॉन जातो. कंपाऊंड लावून दाबून घासलं तर तीन-चार, आणि दाराच्या कडांवर त्याहून जास्त. उरलेलं सगळं खर्चायला मोकळं आहे असंही नाही, कारण ऊन झेलणारं रसायन याच थरात असतं. नागपूर जिल्ह्याचा मे महिना, पारा 45 च्या घरात. थर पातळ झाला की पापुद्रे सुटतात. मग पॉलिश नाही, रंगच मारावा लागतो.

क्लिअर कोट नसलेल्या जुन्या अँबेसिडरला घासलं की रंग फडक्याला लागायचा. मालक पाहायचा आणि हात आवरायचा. क्लिअर कोटला रंगच नाही. तो जातो तेव्हा फडक्यावर काही दिसत नाही. दिसणारी झीज माणूस भीत भीत करतो, न दिसणारी हौसेने.

काही चकाकी भाड्याची असते. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत बसतं, गाडी घरी येईपर्यंत आरशासारखी. दोन-तीनदा धुतली की जाळं जागच्या जागी. दोष पाण्याला दिला जातो.

जाडी मोजायचं मीटर मिळतं, पण साधं मीटर प्रायमरपासून वरपर्यंतचा एकूण आकडा सांगतं. त्यात क्लिअर कोट किती उरला, ते सांगत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर ते चालतही नाही.

मग रबिंग किती दिवसांनी करायचं? हा प्रश्न कॅलेंडरला विचारायचा नाही. दरवर्षी दसऱ्याला रबिंग करणं म्हणजे पूजेच्या नावाने गाडी सोलणं. एकदा चांगल्या हाताकडून पॉलिश करून घ्यावं. पुढे उन्हात डोळ्यांना खुपेल इतकं जाळं दिसेपर्यंत मशीनला हात लावू नये. धुण्याची रीत नीट असेल तर ती वेळ काही वर्षं येत नाही. खोल रेघ, जिच्यात नख अडकतं, ती तशीच सोडावी. तिच्या मागे लागलं तर मशीन क्लिअर कोट संपवून रंगावर येईल.

बाकी सगळं बादलीत आहे. आधी पाणी, मग हात. एका बादलीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी, वरून खाली, चाकांचं फडकं वेगळं. आणि ज्या दिवशी धुवायला पाणी नसेल, त्या दिवशी गाडी मळकीच बाहेर काढा.