कोठार आणि बियाणे

मागल्या कार्तिकात मंगळवेढ्याच्या वाटेवर एका गावी दामाजीपंतांचे आख्यान झाले. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगू लागली, तेव्हा शेतकी कॉलेजात शिकणारा एक तरुण माळकरी आमच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "बुवा, एक विचारू का? पंतांनी उघडलं ते खायच्या धान्याचं कोठार. त्यात पुढच्या साली पेरायचं बियाणं असतं, तर तेही वाटायला हवं होतं का?"

आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर उत्तर सुचले नाही. मग त्या पोराने रशियातली एक हकीकत सांगितली. ती आम्ही नंतर मिळवून वाचली, आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

निकोलाय वाविलोव्ह (१८८७-१९४३) हे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. देशोदेशी हिंडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गहू, तांदूळ, मका, बटाटा, भुईमूग अशा पिकांच्या लाखाहून अधिक वाणांचे नमुने लेनिनग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, संस्थेत जमवले. एवढा खटाटोप कशाला? तर एकाच गव्हाच्या शेकडो जाती. एखादी तांबेऱ्याला दाद देत नाही, एखादी थोड्या ओलीवर तग धरते. आज शेतात भरघोस येणाऱ्या जातीवर उद्या नवा रोग पडला, तर त्याला तोंड देणारा गुण कुठल्यातरी आडगावच्या जुन्या गावठी वाणात सापडतो, आणि संकर करून तो नव्या जातीत आणता येतो. पण तो गावठी वाण एकदा नाहीसा झाला, की पैसे ओतूनही परत येत नाही.

सरकारच्या मर्जीतल्या मताला विरोध केला म्हणून वाविलोव्ह यांना १९४० च्या ऑगस्टात पकडले. जगाची भूक हटवायला निघालेला हा पुरुष २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेला.

इकडे ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. तो पुरता उठला २७ जानेवारी १९४४ ला. पहिल्या हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरात, लहान मुलांना आणि कारखान्यात न राबणाऱ्या माणसांना दिवसाला पाव मिळे १२५ ग्रॅम, तोही भेसळीचा. माणसे रस्त्यात चालता चालता पडत. आणि त्या संस्थेत बियाण्यांच्या डब्यांची रास रचलेली! संशोधक मंडळी पाळीपाळीने उंदरांपासून ती राखीत, बटाटे थंडीने गोठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळीत. भाताच्या वाणांचा अभ्यास करणारे इव्हानोव्ह तांदळाच्या हजारो पुड्यांमध्ये भुकेने मेले. भुईमुगाचे जाणकार श्चुकिन आपल्या मेजाशीच गेले. अशी आणखीही माणसे गेली. नैवेद्याचे ताट राखणाऱ्याला निदान शेवटी प्रसाद तरी मिळतो. यांच्या नशिबी तोही नव्हता.

कुणी म्हणेल, हे तर दामाजीपंतांच्या अगदी उलट झाले. त्यांनी कुलूप काढले, ह्यांनी लावले. आम्हांलाही आधी तसेच वाटले. पण कोठार पंतांचे नव्हते, बादशहाचे होते. आणि बियाणे ह्या संशोधकांच्या मालकीचे नव्हते. दुसऱ्याची ठेव हाती असताना पंतांनी ती दिली आणि मान पुढे केली. ह्यांनी ती राखली, तीही जिवावर उदार होऊन. आपला जीव दोघांनीही राखला नाही. स्वतः पोटभर जेवून दुसऱ्याला "पुढच्या सालाचा विचार कर" म्हणून सांगणारा जो राखणदार असतो ना, त्याचे शास्त्र आम्ही ऐकणार नाही.

पण एवढ्याने प्रश्न सुटला असे भासवणे खोटेपणाचे होईल. संशोधकाने दिला तो जीव त्याचा होता. बाहेर बर्फात जे लेकरू मेले, त्याला कुणी विचारले होते? सारे बियाणे वाटले असते तरी लाखोंचे ते शहर वाचले नसते, हे खरे. पण दहा लेकरे वाचली असती, हेही खरेच. मग हिशेब शहराचा करायचा की लेकराचा? आमची बुद्धी राखणाऱ्यांकडे झुकते. वाटलेले धान्य पुढल्या सुगीला भरून येते, वाण गेला तो गेला. आणि जे अजून जन्मले नाहीत त्यांच्या वतीने मागायला दारात कुणी उभे नसते. पण झुकते एवढेच. आईच्या मडक्याची आठवण आली की पुन्हा डळमळते.

१९७२ चा दुष्काळ. आमची सोलापूरकडची काळी जमीन, रब्बीचा शाळू. त्या साली शेतातून दाणा आला नाही. मोठ्यांनी दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची, रात्री रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी. उतरंडीच्या तळच्या मडक्यात आईने मालदांडीचे बियाणे राख कालवून, तोंड शेणामातीने लिंपून ठेवले होते. मालदांडी मूळची गावठीच. तिच्यातूनच निवड करून मोहोळच्या शेतकी केंद्रावर ३५-१ हा वाण काढला, तो आजही पेरतात.

एके संध्याकाळी शेजारची काकू आली. "वैनी, पसाभर जुंधळं असलं तर द्या की. आत्याबाईच्या पोटात कालधरनं काय न्हाई." आईने आपल्या वाटणीची भाकरी तिच्या पदरात घातली. मडक्याला हात लावला नाही. आम्ही पोरे त्या मडक्याकडेच बघत होतो.

त्या उन्हाळ्यात काकूची सासू गेली. वयाने गेली की भुकेने, कोण सांगणार! गावात कुणी काही बोलले नाही. आईही बोलली नाही, पण कित्येक दिवस ती त्यांच्या दारावरून न जाता मागच्या बोळाने पाण्याला जाई.

१९७३ ला पाऊस बरा झाला. हस्तात पेरणी आली तेव्हा आईने मडक्याचे लिंपण फोडले, बियाणे पाखडले, आणि त्यातले निम्मे सुपात घेऊन काकूच्या ओट्यावर नेऊन ठेवले. काकू बाहेर आली, सुपाकडे बघत थोडी थांबली, मग ते पदरात ओतून घेतले आणि रिकामे सूप परत दिले.