‘डोनेट’ म्हणजे दान की देणगी?

इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याची सेवा करताना ‘डोनेट’ हे क्रियापद वारंवार समोर येते. ‘दान करणे’ असे लिहिले की वाक्य सुरळीत जाते. पण पावतीवर आपण ‘देणगी’ लिहितो, देवापुढे ठेवतो ते ‘अर्पण’, आणि गणेशोत्सवात गोळा होते ती ‘वर्गणी’. इंग्रजीत मित्राला शंभर रुपये दिले तर ‘गिव्ह’. संस्थेला पैसे किंवा रक्तपेढीला रक्त दिले तर ‘डोनेट’. त्याच्या मुळाशी भेट या अर्थाचा लॅटिन शब्द ‘दोनुम्’ आहे आणि आपला ‘दान’ हा त्याचा दूरचा भाऊबंदच.

या दोन क्रियापदांतील फरक मला संस्कृत व्याकरणातील एका जुन्या उदाहरणाने उमगला. ज्याला द्यायचे त्याला पाणिनी ‘संप्रदान’ म्हणतात. तिथे चतुर्थी विभक्ती येते. पण धोब्याला कपडे दिले तर? कपडे धुऊन परत येणार, मालकी आपलीच. म्हणून अनेक वैयाकरण तिथे चतुर्थी नाकारून षष्ठी सांगतात. (मराठीत आपण सरसकट ‘ला’ लावून मोकळे होतो!) इंग्रजीतही धोब्याकडे कपडे ‘गिव्ह’ होतात, ‘डोनेट’ नाही.

मग पैसे परत येत नाहीत, पण नाव येते, त्याचे काय? कॉमर्सच्या अभ्यासामुळे मला जीएसटीचे ऑक्टोबर २०१९ चे परिपत्रक आठवते. दात्याच्या नावाची पाटी केवळ कृतज्ञता म्हणून असेल, तिच्यातून त्याच्या व्यवसायाची जाहिरात होत नसेल, तर त्या देणगीवर कर नाही. कायद्याचे काम इथे संपते. गीतेचा सतरावा अध्याय मात्र आणखी आत जातो: परतफेडीच्या किंवा फळाच्या अपेक्षेने, किंवा जिवावर येऊन दिलेले, ते राजस. आता आईच्या स्मरणार्थ बसवलेल्या पाटीला मी धोब्याकडचे कपडे म्हणणार नाही. पण तीच पाटी दर्शनी भागात हवी असा आग्रह सुरू झाला, की शंका येते.

पावतीवाला दात्याचे मन कसे वाचणार? म्हणून पैशांच्या बाबतीत मी ‘देणगी’च लिहितो. तिचा हिशेब ठेवता येतो. ‘रक्तदान’ मात्र कधी बदलावेसे वाटले नाही. त्या पिशवीवर रक्तगट, क्रमांक आणि तारखा असतात. देणाऱ्याचे नाव नसते.